कोठ्यापाशी दिसला

चिंतामणराव राजुरकरांवर माझा पहिल्या दिवसापासून राग होता आणि त्याला कारणही तसंच होतं. ते आमच्या अमरावतीच्या कोर्टात तर्जुम्याचं काम करायचे, म्हणजे मराठी कागदांचं इंग्रजी करायचे, आणि ते इंग्रजी टाइप करायचं काम माझं. मूळ पान आणि त्याखाली पाच कार्बन. खाडाखोड अजिबात चालायची नाही. पान पुरं होऊन यंत्रातून निघालं की चिंतामणराव ते खिडकीकडे धरायचे, मान तिरकी करायचे आणि म्हणायचे, "रविकांत, हा शब्द काही बसून नाही राहिला बुवा." झालं! सहा कागद टोपलीत आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून.

त्यांचं घराणं भिक्षुकीचं. वडील अमरावतीत राजापेठेकडच्या घरांमध्ये पूजा सांगायचे. "वडील देवाचं माणसांना सांगत, मी माणसांचं साहेबांना सांगतो," असं ते म्हणायचे आणि स्वतःच हसायचे. काळा कोट, कोटाला कोपरांवर ठिगळं, आणि बगलेत जाड पुठ्ठ्याची एक वही. त्या वहीत एकेका मराठी क्रियापदाला एकेक पान दिलेलं होतं. 'मारणे'ला दोन पानं, 'बोलणे'ला तीन. सगळ्यात भरलेलं पान 'दिसणे'चं. कोर्टात येणारा प्रत्येक साक्षीदार काही ना काही दिसलं म्हणूनच येतो, त्यामुळे ते बरोबरच होतं म्हणा.

चहाच्या वेळी ते मला त्या पानावरून शिकवायचे, मी मागितलं नसताना. "हे पाहा, अपिअर. आधी नव्हतं, मग दिसलं. कुठून आलं ते हा शब्द सांगत नाही. केम इन्टू व्ह्यू म्हणजे पाहणाऱ्याच्या नजरेच्या हद्दीत आलं, एवढंच. लूम म्हणजे बडनेऱ्याच्या फलाटावर धुक्यातून इंजिन अंगावर येते ना, तसं. भीती वाटली पाहिजे. आणि इमर्ज म्हणजे म्हैस डोहातून बाहेर येते तसं. बाहेर यायला आधी आत असावं लागते." मी मान हलवायचो आणि मनात म्हणायचो, साक्षीदार बिचारा एकच शब्द बोलला, याला चौदा कशाला पाहिजेत?

या हौसेचं मूळ त्यांच्या कॉलेजात होतं. इंग्रजी शिकवणाऱ्या मास्तरांनी डोक्यात भरवून दिलं होतं की एका पानावर एकच शब्द दोनदा आला तर लिहिणारा भाषेचा दरिद्री. निबंधाचं बक्षीस मिळवलेले चिंतामणराव दरिद्री कसे ठरतील? गावच्या बाईनं 'दिसला, दिसला, दिसला' म्हटलं की हे तीन वेगवेगळे शब्द घालणार.

पण एक गोष्ट मान्य केली पाहिजे. या हौसेला त्यांनी स्वतःच एक लगाम घातला होता. त्या लगामाचं नाव पार्बताबाई. ती कोर्टात पाणी भरायची, रांजण घासायची. इंग्रजीचं अक्षर तिला ठाऊक नव्हतं आणि मराठीचंही नव्हतं. साक्षीचा तर्जुमा तयार झाला की चिंतामणराव मूळ मराठी कागद पालथा ठेवायचे आणि नुसत्या इंग्रजीवरून ती साक्ष तिला वऱ्हाडीत सांगायचे. ती दाराशी बसून ऐकायची. कुठं अडली तर म्हणायची, "बाई असं नाई बोलणार, बाबूसाहेब." मग मूळ कागद उलटा करून पाहायचा. दहापैकी नऊ वेळा पार्बताबाई बरोबर असायची. तिनं "हं, असंच बोलतेत" म्हटल्याशिवाय चिंतामणरावांचं एकही पान बाहेर गेलं नाही. एक सोडून. ते एक माझ्यामुळे गेलं.

एकोणीसशे अठ्ठावन्न सालची गोष्ट. बडनेऱ्याच्या पलीकडच्या एका खेड्यात महादेवराव नावाच्या बागाईतदाराचा पहाटे खून झाला. त्यांच्याच वावरात, गुरांच्या कोठ्यात, विळ्याचा घाव. त्यांची जमीन बटईनं, म्हणजे निम्म्या वाट्यानं, करणारा पुंजाराम माळी याला पकडलं. आदल्या दिवशी दोघांची वांग्यांच्या वाट्यावरून बाचाबाची झाली होती. पुंजारामच्या धोतरावर रक्त होतं. तो म्हणत होता, मी मागच्या पांदणीनं, वावरांमधल्या वाटेनं, पाणी सोडायला आलो, मालक पडलेले दिसले म्हणून उचलायला गेलो, तेव्हा लागलं. आमच्या सेशन्स जज्जसाहेबांना ते पटलं नाही. त्यांनी फाशी सुनावली.

फाशी नागपूरच्या हायकोर्टानं कायम केल्याशिवाय अमलात येत नाही. त्यासाठी सगळ्या साक्षींचं इंग्रजी करून, बांधून, तिकडे पाठवायचं असतं. तिथल्या दोन न्यायमूर्तींपैकी एकाला मराठी येत नसे. म्हणजे पुंजारामला त्यांनी पाहायचं ते चिंतामणरावांच्या शब्दांतून आणि माझ्या टायपातून.

महत्त्वाची साक्ष गंगूबाईची. शेजारच्या वावरातली माळीण. अमरावतीच्या बाजारासाठी ती पहाटे विहिरीवर सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या धूत होती. तिची साक्ष मला आजही पाठ आहे. "फटफटलं नोतं. पयले कुत्रं दिसलं. मंग कंदिलाचा उजेड दिसला. मंग कोठ्यापाशी पुंजाराम दिसला. मंग तो वरडला, मालकाले मारलं म्हून."

चिंतामणरावांनी लिहिलं: कुत्रं अपिअर झालं. उजेड केम इन्टू व्ह्यू. आणि पुंजाराम कोठ्यापाशी इमर्ज झाला.

मी ते टाइप केलं. मला त्यात काहीच खटकलं नाही. मला दुसऱ्याच गोष्टीची घाई होती. दुसऱ्या दिवशी अकोल्याला मुलगी पाहायला जायचं होतं, रजा मंजूर झालेली होती आणि त्या आधी कागद रवाना झाले पाहिजेत असा मोठ्या बाबूंचा, वामनरावांचा, हुकूम होता. पार्बताबाई त्याच आठवड्यात मेळघाटात सेमाडोहला लेकीच्या बाळंतपणाला गेलेली.

"ती आल्यावर वाचू. चार दिवस थांबू," चिंतामणराव म्हणाले.

"चार दिवस? ती महिनाभर येत नाही आता. आणि तुम्ही पंचवीस वर्षं तर्जुमा करून राहिले, तुम्हाला पाणी भरणारीची सही कायले लागते?"

मी हे हसत म्हटलं, पण टोचेल असं म्हटलं. ते थोडे वरमले. "तसंही खरंच," असं पुटपुटत त्यांनी सही केली. सोमवारी गठ्ठा नागपूरला गेला आणि मंगळवारी मी अकोल्याला गेलो. कुंदा मला पसंत पडली, मी तिला पसंत पडलो. त्या महिन्यात मी हवेतच होतो.

बरोबर चौथ्या आठवड्यातल्या शनिवारी पार्बताबाई परत आली. मेळघाटातला मध घेऊन आली होती. तो टेबलावर ठेवून ती दाराशी बसली आणि म्हणाली, "वाचा, बाबूसाहेब. काय काय राह्यलं ते."

मला हसू आलं. गेलेल्या कागदांची आमच्याकडची प्रत काढून चिंतामणराव सवयीनं सांगू लागले. गंगूबाईच्या साक्षीपाशी आले. "…मंग कंदिलाचा उजेड नजरेत आला. मंग कोठ्यापाशी पुंजाराम भायेर आला…"

"भायेर आला?" पार्बताबाईनं मान वर केली. "कायच्या भायेर आला?"

"म्हंजे… कोठ्यापाशी…"

"कोठ्याच्याच भायेर ना? मंग त्या बाईनं त्याले आत पाह्यलं व्हतं का?"

चिंतामणरावांनी मूळ कागद उलटा केला. त्यांचा हात ओळीवरून गेला आणि थांबला. मी त्यांच्याकडेच पाहत होतो. त्यांचा चेहरा आधी लाल झाला आणि मग असा पांढरा पडला की मला वाटलं, चक्कर येते आता.

"रविकांत, सुनावणी कधी आहे?"

मी नोंदवहीत पाहिलं. "सोमवारी."

तेव्हा साडेबारा वाजले होते. शनिवारचं अर्धं कोर्ट उठत होतं.

खरं सांगतो, त्या क्षणी मला पुंजाराम आठवला नाही. मला चार आठवड्यांपूर्वीचं माझं हसणं आठवलं.

वामनराव छत्री घेऊन निघतच होते. चिंतामणरावांनी त्यांना उभ्यानं सगळं सांगितलं. वामनराव वाईट माणूस नव्हते, पण फाइलीवर आलेलं संकट दुसऱ्या फाइलीवर कसं ढकलावं हे त्यांना चांगलं जमायचं.

"अहो, साहेबांच्या निकालपत्रात 'कोठ्याजवळ' असंच आहे ना? ते वाचतील की नागपूरचे साहेब."

"निकालपत्र म्हणजे साहेबांचं मत झालं. साक्ष बाईची. दोन्हींत फरक दिसला तर ते साक्षीवर जातील, आणि साक्ष मी लिहिलेली आहे."

"मग सोमवारी पत्र टाका."

"सोमवारी अकराला तर सुनावणी आहे, वामनराव!"

वामनरावांनी छत्री टेकवली. आवाज खाली आणला. "चिंतामणराव, पुढच्या महिन्यात मी निवृत्त होऊन राहिलो. माझ्या खुर्चीसाठी तुमचं नाव गेलं आहे. आता तुम्ही हातानं लिहून देणार की फाशीच्या कागदात मी चूक केली? आणि तो तर खुनीच आहे. तुम्हाला नाही वाटत?"

एरवी चिंतामणरावांकडे शब्दाला चौदा शब्द असायचे. या वेळी त्यांनी एवढंच म्हटलं, "कचेरीचा शिक्का द्या. सही मी साहेबांची आणतो."

"साहेब अकोल्याला गेले. बहिणीकडे."

"मग अकोल्याहून आणतो."

वामनरावांनी शिक्का मारला, पण "माझं नाव कुठं येऊ देऊ नका" असं तीनदा बजावून. मी दुरुस्तीचं पान टाइप केलं. एकच शब्द बदलायचा होता. घाईत मी दोन वेळा चुकलो आणि त्या दिवशी पहिल्यांदा चिंतामणरावांनी घड्याळाकडे पाहिलं. कोणता शब्द घालायचा, याला त्यांनी वही उघडली नाही. "वॉज सीन. दिसला. बस."

टांगा करून बडनेऱ्याला निघालो. बडनेरा मैलभर राहिलं असताना घोड्याचा नाल निघाला. टांगेवाला शांतपणे उतरून पाय तपासत बसला, तेव्हा मी त्याच्यावर असा ओरडलो की चिंतामणरावांनी माझा हात धरला. शेवटचा मैल आम्ही अक्षरशः पळालो. पन्नाशीचा माणूस, कोटाची बटणं उघडी, कागदांची पिशवी छातीशी धरलेली. पॅसेंजर हलली होती. मी आधी चढलो आणि त्यांना वर ओढलं.

गाडीत ते खिडकीशी बसून राहिले. मूर्तिजापूर गेलं तेव्हा मी म्हटलं, "शैलीसाठीच घातला ना तुम्ही तो शब्द? तेच सांगा साहेबांना. पानावर शब्द दोनदा येऊ नये म्हणून."

"हो," ते म्हणाले. "तसंच सांगावं म्हणतो."

अकोल्याला साहेबांच्या बहिणीचं घर शोधायला तासभर गेला. वाटेत कुंदाच्या घराची गल्ली लागली. महिन्यापूर्वी त्या गल्लीत मी इस्त्रीचा सदरा घालून ऐटीत शिरलो होतो. आता घामानं निथळत मान खाली घालून पुढे गेलो.

साहेब ओट्यावर आरामखुर्चीत वर्तमानपत्र वाचत होते. पुण्याकडचे होते, राज्यं बदलली तेव्हा आमच्याकडे आलेले. आमचं बोलणं त्यांच्या कानाला नेहमी रांगडं वाटायचं आणि ते तसं दाखवायचेही. कोर्टाचे बाबू घरी आलेले पाहून त्यांच्या कपाळावर आठी पडली. कागद वाचल्यावर ती आणखी खोल गेली.

"या माणसाला मी फाशी दिली आहे, राजुरकर. विचार करून दिली आहे. तो सुटला तर?"

"साहेब, ते माझ्या हातात नाही."

"तुमच्या हातात काय आहे ते मला कळतं. पंचवीस वर्षं काम करणाऱ्या माणसाच्या हातून हा शब्द कसा गेला?"

मी मनातल्या मनात म्हणत होतो, शैली म्हणा, शैली म्हणा. चिंतामणरावांनी ओठांवरून जीभ फिरवली.

"साहेब, पहिल्या 'दिसलं'ला मी अपिअर्ड लिहिलं. दुसऱ्याला केम इन्टू व्ह्यू. तिसऱ्याला शब्द शोधत होतो. डोळे मिटले, तेव्हा मला पुंजाराम कोठ्यातून बाहेर येताना दिसला. बाईला नव्हे, साहेब. मला." ते थांबले. "आरोपीच्या पिंजऱ्यात मी त्याला पाहिलं होतं. मला तो दोषी वाटला. अजूनही वाटतो. पण मला काय वाटते ते बाईच्या तोंडी घालायचा मला अधिकार नव्हता."

साहेबांनी चष्मा काढला. आतून भांड्यांचा आवाज येत होता. मला वाटलं, आता कागद फाडतात.

"चूक झाली असं लिहायचं की केली असं?" त्यांनी विचारलं.

"केली असं लिहा."

"सेवापुस्तकात नोंद होईल. वामनरावांच्या जागेचं विसरा."

"हो साहेब."

साहेबांनी सही केली. कागद परत देताना त्यांनी उठून उभं राहून दिला. आमच्यासाठी जज्जसाहेब उभे राहिलेले मी त्या आधी आणि त्या नंतर पाहिले नाहीत.

रविवारचा सगळा दिवस गाडीत आणि फलाटांवर गेला. सोमवारी नऊलाच आम्ही नागपूरला हायकोर्टाच्या दाराशी होतो. कचेरीतल्या कारकुनानं कागद घेतला, पाहिला, "प्रकरण बोर्डावर आहे, आत पाठवतो," म्हणाला. आम्हाला हायसं वाटलं. मागच्या बाकावर जाऊन बसलो.

पुंजारामला कोर्टानं दिलेला वकील होता, म्हातारा, बारीक आवाजाचा. सरकारी वकील उंच आणि खणखणीत. त्यांनी गंगूबाईची साक्ष वाचायला घेतली. कुत्रं झालं, उजेड झाला. आणि मग आला तोच शब्द. इमर्ज्ड. ज्या न्यायमूर्तींना मराठी येत नव्हतं त्यांनी पेन्सिल उचलली आणि त्या ओळीखाली रेघ मारली. मला एवढ्या लांबूनही ती पेन्सिल दिसली. आमचा कागद पोचलाच नव्हता. तो खालच्या टेबलावर कुठल्या तरी ढिगात होता.

"म्हणजे साक्षीदारानं आरोपीला आतून बाहेर येताना पाहिलं," न्यायमूर्ती इंग्रजीत म्हणाले.

"तसंच, माय लॉर्ड."

म्हातारा वकील पानं चाळत होता. त्याच्याकडेही मी टाइप केलेलं तेच पान. त्यानं काय म्हणावं?

माझ्या शेजारी बाक करकरला. चिंतामणराव उभे राहिले होते. हायकोर्टात मागच्या बाकावरून कारकून उभा राहत नाही. पट्टेवाला धावत आला. चिंतामणरावांचे दोन्ही हात समोरच्या बाकावर घट्ट रोवलेले होते आणि त्यांच्या त्या जपलेल्या, बक्षीस मिळवलेल्या इंग्रजीतून एकच वाक्य निघालं. "माय लॉर्ड, तो शब्द माझा आहे. साक्षीदाराचा नाही."

पट्टेवाल्यानं त्यांचं कोपर धरलं होतं, ते न्यायमूर्तींनी हाताच्या खुणेनं सोडायला सांगितलं. नाव विचारलं, हुद्दा विचारला. मग मराठी जाणणाऱ्या न्यायमूर्तींनी विचारलं, "बाई काय म्हणाली होती?"

"दिसला, माय लॉर्ड. कोठ्यापाशी पुंजाराम दिसला. एवढंच."

मूळ कागद मागवला गेला. ढिगातून आमचं पानही निघालं. दोन्ही शेजारी शेजारी ठेवून न्यायमूर्ती वाचत होते आणि चिंतामणराव उभेच होते. त्यांना बसा म्हणायला कोणाला सुचलं नाही.

दोन आठवड्यांनी निकाल आला. गंगूबाईनं आरोपीला फक्त जवळ पाहिलं, तो कुठून आला ते पाहिलं नाही, रक्ताचा त्याचा खुलासा खोटा ठरत नाही, म्हणून संशयाचा फायदा. पुंजाराम सुटला. वामनरावांच्या खुर्चीवर दुसरा माणूस आला. चिंतामणरावांचं तर्जुम्याचं काम काढून त्यांना नकलेच्या खात्यात बसवलं. तिथं कोर्टाच्या कागदांच्या नकला लोकांना द्यायच्या, शिक्का मारून. मीही मागून तिथंच गेलो, टायपिस्ट म्हणून. पार्बताबाई रोज येऊन दाराशी बसायची आणि विचारायची, "आज काई वाचाचं नाई का?" ते मान हलवायचे. ती जाडजूड वही कपाटात गेली.

पुढच्या उन्हाळ्यात एक दिवस दारात एक माणूस उभा राहिला. खांद्यावर पंचा, हातात टोपी, पायात काही नाही. मी ओळखलं नाही. चिंतामणरावांनी ओळखलं आणि त्यांच्या हातातला टाक खाली गेला.

"पुंजाराम माळी," तो म्हणाला. "मले माह्या निकालाची नक्कल पायजे. गावात मले कोणी वावरात पाय ठेवू देऊन नाई राहिलं. म्हणतेत, तू कसा सुटला ते दाखव."

चिंतामणरावांनी नक्कल काढली, शिक्का मारला. पुंजारामनं कागद उलटसुलट पाहिला. "यात काय लिहेल हाये? सांगता का जी?"

त्यांनी सांगितलं. पार्बताबाई रांजण सोडून दाराशी येऊन बसली. इंग्रजी निकाल समोर धरून ते एकेक ओळ वऱ्हाडीत बोलत होते. कित्येक महिन्यांनी त्यांचा तो आवाज मी ऐकत होतो. "…गंगूबाईले कोठ्यापाशी पुंजाराम दिसला. तो कोठून आला हे तिनं पाह्यलं नाई…"

"बराबर," पुंजाराम म्हणाला. "असंच झालं व्हतं. मी मांगून, पांदणीनं आलो."

पार्बताबाईनं मान डोलावली. चिंतामणरावांनी कागद खाली ठेवला. त्यांना तो दोषी वाटला होता. आता काय वाटत होतं ते मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं नाही.

"बाईचं बोलणं साह्यबाले तुमीच सांगतलं का?" असं म्हणत पुंजाराम पायाशी वाकला. चिंतामणरावांनी पाय झटकन खुर्चीखाली ओढून घेतले.

"वाकू नको. आधी आयक. पयले मी चुकीचं लिहेलं व्हतं. तू कोठ्यातून भायेर आला, असं लिहेलं. ते अठ्ठावीस दिवस तसंच व्हतं नागपूरले. मंग सुधारलं."

पुंजाराम वाकलेलाच राहिला. मग हळूहळू उभा झाला. "कधीचे दिवस?"

"दिवाळीच्या मांगंपुढं."

तो विचार करत होता. ओठ हलत होते, बहुतेक दिवस मोजत होता.

"जेलात पयले मले झोपच नोती," तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता, शांत होता, त्यामुळेच ऐकवत नव्हतं. "मंग शिपाई म्हणे, तुह्ये कागद गेले नागपूरले. बाई जे बोलली ते समदं इंग्रजीत लिहून गेलं. मी म्हटलं, गंगूबाईनं तं खरंच सांगतलं हाये, आता कायचं भेव? त्याच दिसात तं मी बिनघोर झोपलो, बाबूसाहेब. रोज झोपलो."

त्यानं नक्कल टोपीत घातली, टोपी डोक्यावर ठेवली आणि रामराम न करता निघून गेला.

चिंतामणराव दाराकडे पाहत राहिले. पार्बताबाईचे डोळे भरून आले होते. घाई माझी होती. चार दिवस थांबू म्हणणाऱ्या माणसाला मी हसलो होतो, कारण मला अकोल्याला जायचं होतं. पुंजाराम अजून अंगणातच होता, हाक मारली असती तर वळला असता. त्यालाही चिंतामणरावांनी माझं नाव सांगितलं नाही, साहेबांना सांगितलं नव्हतं तसंच. मी टाइपरायटरवर बोटं ठेवून बसलो होतो आणि मी उठून उभा राहिलो नाही.